उसाचा खटला मुळातून वाचायचाय? डब्ल्यूटीओचं संकेतस्थळ वापरून पाहिलं

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात माझी उमेदीची वर्षं गेली. घरचा ऊसही आहे. त्यामुळे जागतिक व्यापार संघटनेत आपल्या उसावर झालेला खटला बातमीतून नाही, मूळ कागदांतून वाचायचा होता. संघटनेच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो, नावही नोंदवावं लागत नाही. डीएस 580 हा तंट्याचा क्रमांक शोधला की ऑस्ट्रेलियाची तक्रार उघडते: भारत ऊसवाल्यांना मर्यादेबाहेर आधार देतो आणि साखरेला निर्यात अनुदान देतो. 579 ब्राझीलची, 581 ग्वाटेमालाची. तिन्ही 2019 च्या. वरच थोडक्यात हकिकत आहे, पण तिथं थांबू नका. तक्रारी तपासणाऱ्या पॅनेलचा, म्हणजे संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाचा, 14 डिसेंबर 2021 चा निवाडा उतरवून घ्या.

वाचताना मी 2018-19 ची ऊसबिलाची पावती शेजारी ठेवली होती. त्या हंगामात 10 टक्के उताऱ्याला (शंभर किलो उसातून दहा किलो साखर) टनाला 2,750 रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा सरकारने ठरवलेला किमान भाव, होती, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. पैसे कारखान्याने दिले. भारताने जिनिव्हात, संघटनेच्या मुख्यालयात, हेच मांडलं होतं की सरकार भाव ठरवतं, ऊस विकत घेत नाही. पॅनेलने ते मानलं नाही. सरकारने भाव बांधून दिला की तो आधार झालाच, पैसे कुणाच्या का खिशातून जाईनात. आणि हा आधार मोजायचा कशाशी? शेती कराराप्रमाणे 1986 ते 1988 च्या संदर्भ किमतीशी! आजचा भाव त्या काळाशी लावला की आधाराची मर्यादा, म्हणजे उसाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या 10 टक्के, ओलांडली जाणारच. पॅनेलने 2014-15 पासून ओळीने पाच हंगाम ती ओलांडल्याचं म्हटलंय. मी वहीत मांडून पाहिलं. गणिताची रीत कळते, पण तीस वर्षांपूर्वीचा भाव गोठवून ठेवणारा हा नियम ऊस पिकवणाऱ्यावर अन्याय करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

निर्यात अनुदानाबाबत मात्र पॅनेलचं म्हणणं मला पटलं. 2018-19 ला गाळलेल्या उसावर क्विंटलला 13.88 रुपये मदत होती. आमच्याकडची ती फाइल माझ्याच टेबलावर होती. ठरवून दिलेल्या निर्यात कोट्याची अट तिला होती, हे मी स्वतः भरून दिलंय. पॅनेलने नेमकी तीच अट धरली आणि अशी अनुदानं 120 दिवसांत मागे घ्यायला सांगितली.

उणिवा सांगतो. कागद इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्येच. निवाडा लांबलचक, तळटिपांनी भरलेला. धाकट्या लेकीच्या मदतीशिवाय मला निम्मा कळला नसता. खरं दुखणं पुढे आहे. भारताने अपील केलं, पण अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर 2019 पासून अपील मंडळात सुनावणीपुरते तीन सदस्यच नाहीत. त्यामुळे निवाडा लागूही होत नाही आणि रद्दही होत नाही. आपल्याला 1986 चा मुद्दा पुन्हा मांडायला जागा उरलेली नाही, आणि तक्रार करणाऱ्यांच्या हातीही काही लागलेलं नाही.

कागद मिळण्याच्या सोयीला माझ्याकडून पाचपैकी पाच. तंटा मिटवण्याच्या कामाला दोन.

नव्याने वाचणाऱ्याने मुख्य निवाड्याआधी त्याची पुरवणी उघडावी. त्यात दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांचा सारांश आहे. भारताचा आधी वाचा, मग ब्राझीलचा. एफआरपीवरचा भाग मी मराठीत उतरवायला घेतलाय. झाला की गावातल्या सोसायटीत वाचून दाखवणार आहे.