चाकणची परदेशी कंपनी की भोसरीची व्हेंडर कंपनी?

आयटीआय किंवा डिप्लोमा झाला की पुण्यात बहुतेकांपुढे हे दोन रस्ते येतात: चाकण-तळेगावचा परदेशी कंपनीचा प्लांट, नाहीतर अशा प्लांटला पार्ट पुरवणारी भोसरीची व्हेंडर कंपनी. गेटवरच्या पाटीआधी ऑफर लेटर कोणाच्या नावाचं आहे ते बघा. काम परदेशी कंपनीत आणि लेटर ठेकेदाराचं असेल, तर बस-कँटीन मिळेल. युनियनचा वेतनवाढ करार मात्र सहसा कायम कामगारांपुरताच असतो.

थेट रोलवर, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या हजेरीपटावर, घेतलं तर परदेशी कंपनी सहसा जास्त पगार देते. तरीही एकूण आकड्यावर जाऊ नका. समजा, एकीकडे 24,000 आहेत आणि त्यात बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) 12,000. दुसरीकडे 22,000, पण बेसिक-डीए 17,000. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम, नोकरीच्या दर वर्षाला 15 दिवसांच्या पगाराची: महिन्याचा बेसिक-डीए गुणिले 15, भागिले 26. म्हणजे पहिल्या ठिकाणी दरवर्षी सुमारे 6,923 रुपये जमतात, दुसऱ्या ठिकाणी 9,808. पीएफचंही तसंच: 12 टक्के बेसिक-डीएवर. मुदतीच्या करारावर असाल, तर नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. तो सोडू नका.

शिकण्यात व्हेंडर कंपनी पुढे, असं आमचं स्पष्ट मत आहे. मोठ्या असेंब्ली लाइनवर एक स्टेशन आणि ठरलेली सेकंदं. शिस्त अंगी येते, पण हात त्याच चार बोल्टवर राहतो. छोट्या शॉपमध्ये व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) जॉब लावणं, ऑफसेट देणं म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती मशीनमध्ये भरणं, टूल झिजला की माप का सरकतं हे ओळखणं, सगळं तुमच्यावरच येतं. दोन-तीन वर्षांत ऑपरेटरचा सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा, होतो आणि सेटरला कुठेही काम मिळतं.

टिकाऊपणाचा प्रश्न दोन्हीकडे आहे. जनरल मोटर्सनं 2017 मध्ये भारतातली विक्री थांबवली. त्याच वर्षी युरोपातली ओपल विकली, दक्षिण आफ्रिकाही सोडली. तळेगावातलं उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये बंद झालं. निर्णय मुख्यालयाच्या जागतिक हिशेबातून आला. तळेगावच्या कामगाराच्या हातात त्यातलं काहीच नव्हतं. भरपाईसाठी युनियनला कोर्टात लढावं लागलं. जानेवारी 2024 मध्ये प्लांट ह्युंदाईकडे गेला. असा प्लांट बंद पडला की फक्त त्यालाच माल देणारा व्हेंडरही अडचणीत येतो. तीन-चार गिऱ्हाइकं असलेला तग धरतो.

म्हणून लेटर थेट कंपनीचं आणि कायम नोकरीचं असेल तर चाकण घ्या. ठेकेदाराचं असेल तर बऱ्याच गिऱ्हाइकांची व्हेंडर कंपनी बरी. पण सही करण्याआधी शॉपफ्लोअर दाखवायला सांगा. पॉवर प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणं आणि लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) नसेल, किंवा उत्पादन वाढवायला ती बंद करून ठेवली असतील, तर तिथे जाऊ नका. बोटं अशाच प्रेसवर जातात. ग्रॉस पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयची (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) नोंदणी पहिल्या दिवसापासून हवी. ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळतो का, हे तिथल्या कामगारालाच चहाच्या सुट्टीत विचारा.