डब्यावर २२,००० लिहिलं होतं
बाबांचा अँप्लिफायर १९८६चा. रविवारी सकाळी पोहे झाले की अमीर खाँसाहेबांची रेकॉर्ड लावायची, हा त्यांचा नेम. ते गेल्यावर इंदूरच्या रामबागेतल्या घरात मी तो तसाच चालू ठेवला. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर दोन्ही स्पीकरांतून बारीक ‘घूंऽऽ’ यायला लागलं. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी ते तेवढंच. खाँसाहेबांच्या अतिविलंबित गाण्यात दोन स्वरांमधली शांतता हीच तर जागा, आणि नेमकी तीच नासली. आपली वीज ५० हर्ट्झची, तिला एका दिशेची करणाऱ्या रेक्टिफायरनंतर तिची गुणगुण १०० हर्ट्झची होते. तानपुरा काळी एकमध्ये लावलेला असेल तर हा सूर तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधोमध कुठंतरी पडतो. ज्याला कान आहे त्याला तो किती छळतो, हे सांगायला नको.

जेल रोड, महारानी रोड असं विचारत विचारत एका दुरुस्तीवाल्याकडे पोचलो. त्याचं निदान बरोबर होतं, हे आधीच सांगतो, कारण विश्वास त्यामुळेच बसला. “फिल्टर के कंडेन्सर सूख गए, भिया.” कंडेन्सर म्हणजे कपॅसिटर, वीज साठवून तिची चढउतार सपाट करणारा डबा. इतक्या वर्षांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधलं द्रव्य सुकतं, क्षमता घटते आणि गुणगुण वर येते, हे अगदी खरं आहे. मग तो म्हणाला, “दस हजार की जगह बाईस हजार का जापानी डाल देते हैं. साउंड ही बदल जाएगा.” म्हणजे क्षमता १०,००० मायक्रोफॅरडच्या जागी २२,०००. त्यानं दाखवलेले दोन डबे जाडजूड, चकचकीत, सोनेरी अक्षरांचे होते. प्रत्येकी २,६०० रुपये आणि मजुरी १,६००. मी ६,८०० रुपये रोख दिले. बिल मागितलं नाही. जुने कपॅसिटरही मागितले नाहीत.

त्या संध्याकाळी मला फरक जाणवला. गुणगुण जरा कमी वाटली, तबल्याचा बायाँ भरीव वाटला. पैसे मोजून आलेल्या माणसाचा कान पहिल्या दिवशी साक्षीला घेऊ नये. पुढच्या आठवड्यात मोठ्या आवाजात लावलं की सूर फाटायला लागला, तर मी सुई बदलली! तीन आठवड्यांनी एका रात्री मासळीसारखा उग्र वास आला, फट्‌ आवाज झाला आणि फ्यूज गेला.

शेजारचे काका राजा रामण्णा या संशोधन केंद्रातून निवृत्त झालेले. इंदूरकर त्याला अजून जुन्या नावानं, कॅटच म्हणतात. काकांचा जन्म पॉवर सप्लायमध्ये गेला. झाकण उघडल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझा हात मागे ओढला. “अरे, थांब. प्लग काढला म्हणजे हे रिकामे झाले असं नाही.” मोठ्या वॅटेजचा रेझिस्टर लावून त्यांनी कपॅसिटर डिस्चार्ज केले, मीटरवर शून्य पाहिलं, मगच स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

दोन्ही डबे काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. एक ५८ ग्रॅम, दुसरा ४१. “एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे, आणि वजनात एवढा फरक?” काकांनी फुटलेल्या डब्याचं प्लॅस्टिकचं वेष्टण कापलं, खालची रबरी चकती उचकटली. आत कागदाच्या गुंडाळीत आणि डिंकात बसवलेला एक छोटा कपॅसिटर होता. त्यावर स्वच्छ छापलेलं: २,२०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट. न फुटलेला मीटरला लावला, तो २,१४० दाखवत होता.

काकांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर गणित मांडलं. एक अँपियर करंट ओढला की १०,०००वर व्होल्टेजची चढउतार साधारण एक व्होल्ट होते, २,२००वर साडेचार. सूर फाटत होता तो यामुळे. फुटण्याचं कारण वेगळं. घरातली लाईन २३० व्होल्ट असताना आमच्या अँपमध्ये कपॅसिटरवर ४७ व्होल्ट असतात. रात्री लाईन २५० झाली की ५१. बाहेर ६३ व्होल्ट सोसतो असं लिहिलेलं, आतला ५०चा, त्यात तो इवलासा जीव आणि त्याच्यावर एवढा करंट. तो तापतच असणार.

दुकानात परत गेलो. “ऊपर जो लिखा था, वही लगाया.” जुने? “वो तो कबाड़ में गए.” बिल नव्हतं, त्यामुळे पुढे बोलायला जागाच नव्हती. दुकानाचं नाव लिहीत नाही. असा माल तो स्वतः बनवत नसेल, पण काय विकतोय हे त्याला ठाऊक होतं असं माझं ठाम मत आहे.

अस्सल २२,००० बसवले असते तरी चमत्कार झाला नसता, हेही काकांकडून कळलं. स्विच दाबताक्षणी रिकामा कपॅसिटर जवळजवळ शॉर्टसारखा वागतो, तो झटका जुन्या रेक्टिफायरला आणि फ्यूजला बसतो. त्या बदल्यात गुणगुण घटते ती थोडीच, कारण उरलेली बरीचशी अँपचं सर्किट स्वतःच दाबतं. सुकलेला कपॅसिटर बदलला की अँप पूर्वीसारखा होतो. त्यापुढे जाऊन ‘साउंड बदलून देतो’ म्हणणाऱ्याला आधी मीटर काढायला सांगा. पैसे देण्यापूर्वी क्षमता तुमच्यासमोर मोजायला लावा, दोन्ही नग काट्यावर ठेवा, काढलेले भाग पिशवीत घालून घरी आणा. कुरकुर करेल, करू द्या.

आम्ही १०,००० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट, १०५ अंशांपर्यंत उष्णता सोसणारे दोन कपॅसिटर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून बिलासकट मागवले. दोन्ही मिळून त्या एका डब्यापेक्षा स्वस्त पडले. पुढच्या रविवारी काका ऐकायलाच आले. षड्जानंतर खाँसाहेब थांबले, आणि मागे फक्त तानपुरा राहिला.

उघडलेला तो डबा, आतल्या कागदासकट, अँपशेजारी ठेवलाय. कुणी आपला अँप दुरुस्तीला टाकतोय म्हणाला की आधी तो त्याच्या हातात देतो.