पाऊस येणार का: अ‍ॅपमधली टक्केवारी बघू की रडारचं चित्र?

कपडे बाहेर वाळत घालताना नेमकं काय बघायचं, असं बहिणीनं विचारलं. पल्ल्यात अ‍ॅप पुढे, दोन-तीन दिवसांचा अंदाज देतं. रडार, म्हणजे आत्ता कुठे पाऊस पडतोय ते दाखवणारं चित्र, तासा-दोन तासांपुरतंच.

नेमकेपणात मात्र माझा भरवसा रडारवर. ढगातला थेंब जेमतेम ०.०२ मिमीचा, रडारला सहसा दिसत नाही. असे सव्वा लाख थेंब मिळून १ मिमीचा पावसाचा एक थेंब होतो, तो लगेच दिसतो. एखादा गडगडाटी ढग तासाभरात तयार होऊन विरतो; अ‍ॅपच्या आकडेमोडीतून तो सहज निसटतो.

कष्ट रडारलाच जास्त: लागोपाठची चित्रं बघून पावसाचा पट्टा कुठे सरकतोय ते स्वतः ओळखायचं.

सहलीचा दिवस ठरवायला अ‍ॅप, आत्ता कपडे वाळत घालायला रडार.