दोनदा पुरात बुडालेली स्प्लेंडर आणि पाटी नसलेलं गॅरेज

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजबद्दल लिहायचंय. आधी गाडीची कुंडली सांगते, म्हणजे तिथल्या मिस्त्रींच्या कामाचा अंदाज येईल. हिरो होंडा स्प्लेंडर, १९९८ चं मॉडेल, एमएच ०९ पासिंग. आप्पांनी डेअरीला दूध घालायला घेतलेली. दोन्ही बाजूला किटल्या अडकवायचे लोखंडी हुक अजून आहेत. आमचं गाव कोल्हापूरजवळचं प्रयाग चिखली. पंचगंगेला पाणी चढलं की पेपरात पहिलं नाव आमचं आणि आंबेवाडीचं येतं, त्यामुळं जास्त सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टात गाडी गोठ्यात आठवडाभर पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर आप्पांनी स्वतःच ऑइल काढलं, डिझेलनं आतून धुतलं, आणि गाडी आणखी दोन वर्षं पळाली. २०२१ च्या जुलैत परत बुडाली. त्याच वर्षी आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि किक मारणं संपलं. मग तिच्यावर पोती आली, पोत्यांवर कडब्याच्या पेंढ्या, आणि गाडी घरातल्या सगळ्यांच्या डोक्यातून गेली.

गेल्या वर्षी माझी स्कूटर विकली तेव्हा मनात आलं, नवी घेण्याआधी हिला विचारून बघू. शहरातल्या एका चकचकीत ठिकाणी दाखवली. त्यांनी गाडीला हात न लावता सांगितलं, मॅडम, स्क्रॅपला घाला. दुसऱ्या एका गॅरेजनं बॅटरी बदलली, प्लग बदलला, वरून पॉलिश मारलं आणि २,८०० रुपये घेतले. गाडी शिवाजी पुलापर्यंत आली आणि तिथं जी बंद पडली ती टेम्पोत घालूनच परत न्यावी लागली. त्या पोरानं इंजिनमधलं ऑइल बघितलंसुद्धा नव्हतं, हे मला नंतर कळलं.

शेवटी पतसंस्थेतल्या आमच्या शिपायानं उद्यमनगरातल्या या मिस्त्रींचा, म्हणजे मामांचा पत्ता दिला. पत्ता म्हणजे काय, तर लेथच्या दुकानांची ओळ, बोअरिंगवाला, त्याच्या मागं बोळ, बोळात कडुनिंब आणि कडुनिंबाखाली पत्र्याचं शेड. पाटी नाही. मामांचं खरं नाव मला अजून माहीत नाही. पासष्टीचे असतील, अंगात खाकी शर्ट, कानावर पेन्सिल. शेडमध्ये एक आरएक्स, दोन बुलेट, एक एम-८० आणि नऊ-दहा स्प्लेंडर.

टेम्पोतून गाडी उतरवली आणि मी सवयीनं किकवर पाय ठेवला, तर मामा जवळजवळ ओरडलेच.

"ताई, किक मारू नका! आत पाणी असंल. मारली की गेलं सगळं."

मी म्हटलं, "मामा, हिला चालवणार मीच हाय. विकायला नाही आणली."

त्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. मग गाडीकडं. मग म्हणाले, "मग येळ लागंल."

त्या दिवशी त्यांनी एवढंच केलं: प्लग काढला, त्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि खालचा ड्रेन नट सैल केला. आधी पेलाभर गढूळ पाणी आलं, मागून साय धरलेल्या चहासारखं काहीतरी. गाडी रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं इंचइंच फिरवलं. हललं, पण कुरकुरत. "फुल इंजिन खोलावं लागंल," म्हणाले. "ब्लॉकला गंज, क्रँकचं एक बेअरिंग गेलंय. पण क्रँक चांगला हाय." ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन वरखाली होतो तो भाग, शेजारीच बोअरिंगला गेला, आतलं भोक पाव मिलिमीटरनं मोठं केलं, म्हणजे पहिलं ओव्हरसाइज निघालं, तेवढ्या मापाचा पिस्टन आणि रिंगा आल्या. उद्यमनगरचा हा फायदा बाहेरच्याला कळत नाही. ऑइल इंजिनं आणि फाउंड्रीच्या जिवावर उभी राहिलेली वस्ती आहे ही. ब्लॉक दुसऱ्या गावाला पाठवून वाट बघत बसायची वेळच येत नाही, बोअरिंगवाल्याला हाक मारली की झालं. आणि स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन इतक्या गाड्यांना लागलंय की सुटे भाग गावोगाव मिळतात. जुनी गाडी ठेवायची हौस असेल तर मॉडेल निवडताना रूपाआधी हे बघा.

या कामातली एक गोष्ट मात्र मी जन्मात विसरणार नाही. या इंजिनाला कागदाचा ऑइल फिल्टर नसतो. क्लचच्या झाकणाआड, क्रँकच्या टोकाला डबीसारखा एक रोटर फिरतो, आणि ऑइलमधला जड कचरा फिरण्याच्या जोरानं त्याच्या कडेला जाऊन चिकटतो. डेअरीत दुधातली साय वेगळी करायचं यंत्र ज्यांनी बघितलंय त्यांना लगेच समजेल, तत्त्व तेच. मामांनी तीन स्क्रू काढून त्या डबीचं झाकण उघडलं आणि मला बोलावलं. आत बोटभर जाड काळी वडी बसली होती. स्क्रूड्रायव्हरनं खरवडून त्यांनी ती 'पुढारी'च्या पानावर ठेवली. वरचा थर काळा, तुपकट. मोडली तर आत तांबूस-करडा, बारीक, हाताला रेशमासारखा लागणारा गाळ. पूर ओसरल्यावर आमच्या घराच्या भिंतींवरून, कपाटातून, आजीच्या ट्रंकेतून आम्ही जो खरवडला होता तोच. सहा वर्षं तो इंजिनात बसून होता आणि आप्पांनी डिझेलनं धुतलेलं इंजिन त्याच्यासकट दोन वर्षं दूध वाहत होतं. "ही डबी कोणी उघडतच नाही," मामा म्हणाले. "नुसतं ऑइल बदलतात." तुमच्याकडं जुनी स्प्लेंडर, सीडी हंड्रेड किंवा त्याच घरातली कुठलीही गाडी असेल तर मिस्त्रीला एवढं एकच विचारा: रोटर कधी साफ केला होता? उत्तर द्यायला तो अडखळला तर काय समजायचं ते समजा.

इंजिन झालं म्हणजे गाडी झाली असं मी धरून चालले होते. मामांचं गणित उलटं. इंजिन बसवून ठेवलं, पण चालू करायच्या आधी ब्रेक, टायर आणि मागचं चाक धरणारा चिमटा. ब्रेकच्या लायनरवर काचेसारखी चकाकी आली होती, ते गेले. २.७५ बाय १८ चे दोन्ही टायर बाहेरून नवेकोरे दिसत होते, नखं चांगली होती, पण बाजूला बारीक तडे, तेही गेले. चिमट्याचं बुश इतकं झिजलेलं की मागचं चाक धरून हलवलं तर टकटक आवाज यायचा. हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्याच्यावर फिरतं ते बेअरिंग, खड्डा पडून बसलेला, सरळ रेषेत येताच अडकायचा. चेन-स्प्रॉकेट मी बाहेरून स्वस्तातला आणला होता. मामांनी हातात तोलून परत दिला, "ह्याचं दात सहा महिन्यात हुकासारखं वाकतील." भांडून परत केला आणि चांगला घेतला. आज गाडी चालवताना जो आनंद मिळतो त्यातला निम्मा या न दिसणाऱ्या कामाचा आहे. कोनसेट नवा झाल्यावर गाडी वळणावर आपणहून कलते, तिला ढकलावं लागत नाही.

कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल वाळून मधासारखं झालं होतं. पायलट जेटमध्ये पिन घालायला निघालेल्या पोराला मामांनी तिथंच झापलं, कारण भोक केसभर जरी मोठं झालं तरी गाडी आयुष्यभर नीट आयडल धरत नाही. टाकी आतून गंजलेली. जुन्या चेनचा तुकडा आणि थोडं रॉकेल टाकून दोन पोरांनी ती आळीपाळीनं तासभर हलवली. पेट्रोलची नळी आणि आतली रबरं बदलली. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, (त्यात थोडं आमच्याही उसाचं असेल, तक्रार कुणाकडं करायची!) ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. पंधरवड्यापेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालू ठेवायची, अशी सक्त ताकीद आहे.

आता तक्रारी. आठ दिवस म्हणाले होते, २३ दिवस लागले. फोन उचलत नाहीत. "उद्या या" हा त्यांचा एकच शब्द, पण तो कुठला उद्या ते जाऊन बघावं लागतं. इंडिकेटर तीनदा जोडून घेतले, तरी डावा मागचा मनात असेल तरच लागतो. वायरिंगचं काम असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडंच जा. बिल मिळत नाही, सिगारेटच्या पाकिटावर पेन्सिलीनं हिशेब मिळतो. पण तो हिशेब पैन् पै बरोबर असतो आणि काढलेले सगळे जुने भाग पिशवीत घालून परत देतात. इंजिन, टायर, ब्रेक, चेन, बाकी सगळं धरून १६,३५० रुपये झाले. या किमतीत चालू स्थितीतली जुनी स्प्लेंडर मिळाली असती, असं माझा भाऊ म्हणाला. मिळाली असती. तिच्या रोटरमध्ये काय आहे ते मात्र कुणी सांगितलं नसतं. १५ वर्षांवरच्या गाडीची आरसी नूतनीकरणाची आरटीओ वारी आणि पर्यावरण कर वेगळा, तो धरूनच बजेट ठेवा.

पहिले ५०० किलोमीटर पन्नासच्या आत चालवली, मग ऑइल बदललं, मग हळूहळू सोडली. सप्टेंबरात एका रविवारी गगनबावड्याला नेली. पंचावन्न किलोमीटर. कळ्याच्या पुढं भाताची खाचरं, रस्ता ओला, आणि गाडी पन्नास-पंचावन्नला असं काही एकसुरात चालत होती की मी किती वेळ आरशात बघितलंच नव्हतं. वर धुकं इतकं की लाइट लावावा लागला. या जुन्या गाडीचा लाइट इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, वेग कमी केला की पिवळा पडतो. म्हणजे धुक्यात हळू जायचं तर अंधार, उजेड हवा तर रेस द्या. खालच्या गिअरवर रेस ठेवून जाण्याची युक्ती मला वाटेत भेटलेल्या एका दूधवाल्यानं दाखवली, त्याच्याकडंही स्प्लेंडरच.

घरी आल्यावर आप्पांनी ओट्यावरून आवाज ऐकला आणि म्हणाले, "टॅपेट वाजतंय की गं." टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग, त्यात थोडी फट असली की टकटकतो. दुसऱ्या दिवशी मामांना सांगितलं. ते हसले. "तेवढं वाजू दे म्हणावं. गप्प केलं तर व्हॉल्व्ह जळंल. ऐकू येतंय तोवर बरं." आप्पांना निरोप दिला. त्यांना तो पटलेला नाही. पुढच्या खेपेला ते स्वतः येऊन मामांशी बोलणार आहेत.

पाचपैकी चार. अर्धा इंडिकेटरचा कापला, अर्धा 'उद्या'चा. सोमवारी बंद. दुपारी एक ते चार जाऊ नका, मामा कडुनिंबाखाली झोपलेले असतात आणि पोरं त्यांना उठवत नाहीत.