गॅस कार्ब्युरायझिंग की नायट्रायडिंग? जॉब भट्टीला पाठवण्याआधी

पोलादाच्या जॉबचा, म्हणजे बनवलेल्या भागाचा, फक्त वरचा थर कडक करायच्या या दोन पद्धती. भोसरीत असो वा शिरोलीत, लहान वर्कशॉपवाला हीट ट्रीटमेंटला फोन केला की आधी किलोचा दर विचारतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी मटेरियल बघा आणि शेवटचं ग्राइंडिंग होणार आहे का ते ठरवा. दर नंतर.

कार्ब्युरायझिंग साधारण ९२०-९३० अंशांना चालतं. ईएन ३५३, २० एमएनसीआर ५ अशा, ०.२ टक्क्यांच्या आसपास कार्बन असलेल्या पोलादाच्या वरच्या थरात कार्बन ०.८ टक्क्यांपर्यंत चढतो. मग तेलात क्वेंचिंग (तापलेला जॉब झटकन थंड करणं), १५०-२०० अंशांना टेंपरिंग (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं), आणि हाती ५८-६२ एचआरसी (रॉकवेल कडकपणा). चारेक तासांत एक मिलिमीटरच्या आसपास केस, म्हणजे कडक थर, मिळते, पण दुप्पट खोली हवी तर वेळ चौपट लागतो. गिअरच्या दातावर ठोके आणि दाब बसणार असेल तर हा जाड थरच टिकतो. पातळ थर खालच्या मऊ भागात दबून फुटतो.

नायट्रायडिंग ५२० अंशांच्या आसपास, अमोनिया वायूत; त्यातला नायट्रोजन वरच्या थरात शिरतो. क्वेंचिंग नाही, त्यामुळे जॉब जवळपास जसा गेला तसाच परत येतो, फार तर माप १०-२० मायक्रॉन वाढतं. ईएन ४१बी हे पोलाद ९०० एचव्हीच्या (विकर्स कडकपणा) वर जातं, ईएन १९ साधारण ५५०-६५० पर्यंत. अर्ध्या मिलिमीटरसाठी मात्र भट्टी दोन दिवस अडकते, म्हणून दर जास्त वाटतो. त्यातून वाचलेलं ग्राइंडिंग वजा करून बघा.

एकदा ड्रॉइंगवर नुसतं ‘केस हार्डनिंग’ लिहिलेला ईएन १९ चा लांब शाफ्ट मी कार्ब्युरायझिंगला दिला. परत आल्यावर व्ही-ब्लॉकवर फिरवला तर डायलचा काटा अर्धा मिलिमीटर हलत होता, म्हणजे शाफ्ट वाकला होता. प्रेसवर सरळ करायला घेतला आणि ‘टक्’ वाजलं. कीवेच्या (चावी बसायच्या खाचेच्या) कोपऱ्यातून चीर गेली होती. ईएन १९ मध्ये मुळातच ०.४ टक्के कार्बन, त्यामुळे आतला भागही कडक झालेला. तो शाफ्ट नायट्रायडिंगचाच होता.

म्हणून गिअरबॉक्सचे गिअर, पिनियन कार्ब्युरायझिंगला द्या आणि बोअरवर ग्राइंडिंग अलाऊन्स (नंतर घासून काढायला जास्तीचं मटेरियल) ठेवा. थ्रेडवर कार्बन रोखणारी पेस्ट लावायला सांगा. लांब स्पिंडल, एक्स्ट्रुडर स्क्रू, एच १३ या टूल स्टीलच्या डाय नायट्रायडिंगला. त्यांचं हार्डनिंग-टेंपरिंग आधीच झालेलं हवं, आणि टेंपरिंग नायट्रायडिंगच्या तापमानापेक्षा किमान ३० अंश वर. फिनिशिंगआधी स्ट्रेस रिलीव्हिंग करा, नाहीतर मशीनिंगचा ताण भट्टीत सुटतो आणि दोष भट्टीवाल्यावर येतो.

दोन्हीकडे त्याच बारचा एक तुकडा जॉबच्याच बास्केटमध्ये टाकायला सांगा. कापून केस डेप्थ त्याच्यावर मोजता येते, जॉब फोडावा लागत नाही.