चिंपांझी वाचायचेत : गोंबे की आर्नहेम?

चिंपांझींच्या समाजजीवनावर एकच पुस्तक घ्यायचं ठरवलंत, तर निवड बहुधा दोघांत होते : जेन गुडॉल यांचा टांझानियातल्या गोंबेच्या जंगलातल्या चिंपांझींवरचा १९८६चा जाडजूड ग्रंथ किंवा फ्रान्स द वाल यांचं १९८२चं ‘चिंपांझी पॉलिटिक्स’. मी दोन्ही घेतली. एक आता हाताशी असतं, दुसरं वरच्या फळीवर गेलंय.

वाचायला द वाल सोपे, यात वाद नाही. नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयात येरून, लाउट आणि निकी हे तीन नर. लाउट येरूनची गादी घेतो. मग येरून तरुण निकीच्या पाठीशी उभा राहतो, लाउटला खाली खेचतो आणि स्वतःचंही साधून घेतो. माझं दोन रात्रींत संपलं.

अडचण तिथंच झाली. युती, पाठिंबा, सत्तापालट हे मराठी माणसानं वाचावं आणि डोळ्यांपुढे मंत्रालय येऊ नये? मित्राला एक प्रसंग वाचून दाखवला, तर तिसऱ्याच वाक्याला तो म्हणाला, “अरे, हे तर आपले साहेब!” हसलो खरे, पण त्यानंतर मला येरून दिसेनासाच झाला. जाकीट घातलेला पुढारीच दिसायचा. दोष लेखकाचा नसेल, आपल्या वर्तमानपत्रांचा असेल. शिवाय या चिंपांझींच्या भोवती खंदक. हरलेल्यानं जायचं कुठे, हा प्रश्न पानोपानी टोचत राहतो.

गुडॉल यांच्याकडे तक्ते भरपूर आणि नावांचा घोळ वेगळाच. फ्लो नावाच्या मादीची मुलं फेबन, फिगन, फिफी, फ्लिंट! मी शेवटी कोऱ्या पानावर पेन्सिलीनं वंशावळ काढली. पण जानेवारी १९७४मधला गोडी या नराचा प्रसंग वाचा. एकटाच झाडावर फळं खात होता. शेजारच्या कासाकेला गटाचे नर आले, तो पळाला, हंफ्रीनं पाय धरून त्याला पाडलं आणि बाकीचे तुटून पडले. काही वर्षांपूर्वी हे सगळे एकाच टोळीत होते. चारेक वर्षांत गोडीचा कहामा गट संपला. इथं मला कुणी साहेब आठवले नाहीत. संशोधकांनीच दिलेल्या केळ्यांमुळे भांडणं वाढली, हेही गुडॉल लपवत नाहीत.

बोनोबो किंवा गोरिला हवे असतील, तर दोन्ही पुस्तकं बाजूला ठेवा.

लोकलमध्ये वाचायचं असेल तर द वाल घ्या. गुडॉल मांडीवर मावत नाहीत, टेबल लागतं. आणि पेन्सिल.