‘स्टेरॉइड सोडवून देतो’ म्हणणाऱ्याच्या पुड्यांत काय निघालं

अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होणारा आजार) असलेल्यांना प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचं कौतुक आणि जाच दोन्ही ठाऊक असतात. शौचातून रक्त पडायचं थांबतं, पण तोंड भोपळ्यासारखं फुगतं, रात्री दोनला टक्क जाग येते, जेवून उठलं तरी हात डब्यांकडे जातो आणि घरच्यांवर उगाच खेकसणं होतं. माझा डोस ४० मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला ५ने उतरवत होते. बराच खाली आला की रक्त पुन्हा हजर. म्हणून डॉक्टरांनी अझाथायोप्रिन सुरू केलं, स्टेरॉइडशिवाय आजार आटोक्यात ठेवणारं औषध. त्याचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. या मधल्या काळात पेशंट वैतागलेला असतो, आणि असले लोक नेमके तेव्हाच गाठतात.

मला गाठणारा दर मंगळवारी तालुक्याच्या गावी लॉजवर बसायचा. नात्यातल्या काकूंचे गुडघे त्यानं ‘बरे’ केले होते. नाडी धरली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, “ताई, हे सगळं स्टेरॉइडचं विष आहे. मी सोडवून देतो. आधी त्या अ‍ॅलोपथीच्या गोळ्या बंद करा.” करड्या पावडरीच्या पुड्या, महिन्याचे साडेचार हजार. पावती नाही. पैसे कुणा बाईच्या नावावर यूपीआयनं. पुडी एक दिवसही चुकवायची नाही, हे मात्र तीनतीनदा बजावलं.

तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं. घरात आनंदीआनंद. तोंडाची सूज तशीच होती, झोप नव्हती, दंडावर नुसतं टेकलं तरी काळेनिळे डाग उठत होते. विचारलं तर उत्तर तयार: “जुनं विष बाहेर पडतंय.” कागदावर मी स्टेरॉइडमुक्त होते आणि आरशात नव्हते.

मग एकदा तो काही आठवडे आलाच नाही. पुड्या संपल्या. उलट्या, चक्कर, अंगात उभं राहण्याचंही त्राण नाही, बीपी एकदम खाली. अ‍ॅडमिट केल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न, “कुठलं स्टेरॉइड चालू आहे?” कुठलंच नाही म्हटलं तर त्यांचा विश्वास बसेना. हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड देण्याआधी रक्त काढून ठेवलं होतं, त्यात कॉर्टिझॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, जवळजवळ नव्हतंच. शरीराला बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की ते बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आपलं काम थांबवतात, आणि पुरवठा अचानक तुटला तर लगेच जाग्या होत नाहीत. हे जिवावर बेततं. उरलेली पुडी लॅबमध्ये तपासली, तिच्यात डेक्सामेथासोन हे जास्त जोरदार स्टेरॉइड निघालं. त्याचं पाऊण मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचं पाच. चिमूटभर पावडरीत किती दडवता येईल याचा हिशेब करा.

नुकसान पैशाचं कमी, वेळेचं जास्त. अझाथायोप्रिन बंद पडलं, म्हणजे स्टेरॉइड खरोखर सोडवणारा रस्ताच त्यानं बंद केला. शिवाय छुपा डोस कुणाच्याच हिशेबात नसल्यामुळे शुगर, बीपी, हाडं यांकडे कुणी लक्ष दिलं नाही.

हे वाचून आयुर्वेदाला शिव्या घालू नका. आमच्या गल्लीतल्या बीएएमएस डॉक्टरांनीच पुडी बघून पहिल्यांदा विचारलं, यावर काहीच कसं लिहिलेलं नाही? विकत मिळणाऱ्या आयुर्वेदिक औषधावर घटक, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच नंबर असावा लागतो. वैद्य स्वतः औषध बनवून देत असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक विचारा. आमच्या मंगळवारवाल्याला तो विचारल्यावर त्यानं फोनच उचलायचं सोडलं.

काकू अजून त्याच्याच पुड्या घेत होत्या. त्यांना आम्ही पुड्या फेकू दिल्या नाहीत, आणि तुमच्या घरी असं कुणी असेल तर तुम्हीही फेकू देऊ नका. अशा पुड्या एकदम बंद केल्या तर माझ्यासारखी गत होते. पुडीसकट फिजिशियनकडे जा, काय चालू आहे ते स्पष्ट सांगा, डोस ते हळूहळू उतरवतील. दोन-चार पुड्या न फोडता ठेवा आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट काढून घ्या. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार देताना आम्हाला त्यांचाच उपयोग झाला.